दुभाषी लायब्ररी : कामाच्या नोंदी, नोव्हेंबर २०२५ ते जानेवारी २०२६

३ नोव्हेंबर २०२५, परभणी

दिवाळी संपली, पाहुणे गेले, आता परत लॅपटॉप उघडलाय. मध्येच कोणी या नोंदी वाचायला घेतल्या तर त्यांच्यासाठी थोडक्यात सांगून ठेवतो. दुभाषी म्हणजे आमची छोटी लायब्ररी, दुसऱ्या प्रोग्रामांत जोडायचा तयार कोड. शेडर म्हणजे चित्र काढणाऱ्या चिपवर, जीपीयूवर, चालणारा छोटा प्रोग्राम, आणि स्पिर-व्ही म्हणजे तो साठवायचा एक बायनरी प्रकार. दुभाषी स्पिर-व्हीची फाईल वाचते आणि तोच शेडर जीएलएसएल (ओपनजीएलची शेडर भाषा), फोनवाली ईएस जीएलएसएल, विंडोजसाठी एचएलएसएल आणि ॲपलसाठी मेटलच्या भाषेत लिहून देते. २०१६ ला वल्कन (जीपीयूशी बोलायची नवी पद्धत) आलं तेव्हापासून ड्रायव्हरला (जीपीयू चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) शेडर स्पिर-व्हीत द्यायची सोय झाली, पण सगळेच वल्कनवर नाहीत ना. ॲपलचं वेगळं, विंडोजचं वेगळं, आणि आपल्याकडं खेड्यापाड्यात जे जुने फोन चालायलेत त्यांच्यावर जुनी पद्धत, ओपनजीएल ईएसच भरवशाचं. शेडर एकदाच लिहायचा आणि चारही ठिकाणी चालवायचा तर मध्ये दुभाषी लागतोच.

वल्कन आणि स्पिर-व्ही ठरवणाऱ्या क्रोनोस संस्थेची एसपीआयआरव्ही-क्रॉस हेच काम करते की, मग ही काहून, असं दर महिन्याला कोणीतरी विचारतं. ती मोठी आहे, पक्की आहे, मी स्वतः ती वाचून शिकलो. आपली लहान आहे, साध्या सी मध्ये आहे, कमी मेमरीत चालते आणि ईएसवर जास्त लक्ष देते. लोक वापरायलेत, म्हणून सांभाळायची.

आजचं काम फायचं, म्हणजे कोणत्या वाटेनं आलो त्यावरून व्हॅल्यू निवडणाऱ्या इन्स्ट्रक्शनचं. एका वापरणाऱ्यानं शेडर पाठवलाय, लूपमध्ये दोन व्हॅल्यू दर फेरीला एकमेकींची जागा घेतात. स्पिर-व्हीत हे दोन फाय इन्स्ट्रक्शन म्हणून येतं आणि नियम असा की दोन्ही फाय एकाच क्षणी घडल्या असं धरायचं. आपण मात्र लूपच्या शेवटी एकाखाली एक लिहून टाकलंय, पहिल्यात दुसरी टाक, मग दुसऱ्यात पहिली टाक. पहिली तर आधीच बदलून बसली! एका तांब्यात ताक आणि दुसऱ्यात पाणी असलं आणि अदलाबदल करायची असली तर तिसरं भांडं लागतं, ते आपण घेतलंच नाही, त्यामुळं दुसऱ्या फेरीपासून दोन्हीकडं पाणीच. आणि कंपाईल मात्र एकदम स्वच्छ झालं, एक वॉर्निंग नाही.

६ नोव्हेंबर

फायचं झालं. आता लूपच्या टोकाला कोणती कॉपी दुसरीला खाते ते आधी तपासतो, गोल फिरून परत तिथंच येत असेल तरच जादा व्हेरिएबल घेतो, नाहीतर सरळ क्रमानं. सगळीकडं जादा व्हेरिएबल टाकणं सोपं होतं पण मग निघालेला कोड माणसाला वाचवत नाही, आणि लोक तो वाचतात, त्यात चूक शोधतात, म्हणून मला तो वाचता येण्यासारखा राहायला पाहिजे.

लाईट दुपारी दोन तास नव्हती. सीआय (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या टेस्ट) मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून बघितलं, हिरवं.

९ नोव्हेंबर

सरांचा फोन आला. मला नववी-दहावीला विज्ञान शिकवायचे, अजून औसा तालुक्यातच आहेत, शाळेत. त्यांनी मुलांसाठी एक ॲप करायला घेतलंय, जमिनीचा उभा काप दाखवणारं. वर पाऊस पडतो, खाली काळी माती, मग मुरूम, मग खडक, बाजूला विहीर, आणि पाणी कसं झिरपत जातं ते हलताना दिसतं. आपल्याकडं सगळा बेसॉल्ट, पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत, म्हणून शेजारशेजारच्या दोन विहिरींतही पाणी वेगवेगळं लागतं. सर म्हणले, "सप्टेंबरात एवढं पाणी पडलं, शेतं वाहून गेली, आणि पोरं विचारतात की सर मग उन्हाळ्यात टँकर काहून येतो. फळ्यावर काढून दाखवलं तर पटत नाही रे, हलताना दिसलं पाहिजे."

कोड सर लिहीत नाहीत, लातूरच्या एका पोरानं चौकटी जोडून शेडर बनवायचं टूल केलंय, ते थेट स्पिर-व्ही लिहितं आणि पुढं दुभाषी वापरतं. दोन तक्रारी.

एक, पावसाची पट्टी सरकवली की मातीचा थर काही पावसाला दादच देत नाही, काही केलं तरी पाऊस शून्य असल्यासारखा.

दोन, पाणी सुरुवातीला मस्त वाहतं आणि थोड्या वेळानं झटके खात पुढं जातं.

दोन्ही माझ्या लॅपटॉपवर मला दिसायला पाहिजेत. पहिली दिसली. दुसरी नाही.

१० नोव्हेंबर

पहिली तक्रार सापडली आणि ती अगदी आपल्या घरातली निघाली.

त्या टूलमध्ये चौकटींची नावं मराठीत आहेत आणि तीच नावं स्पिर-व्हीत जातात. ते चुकीचं अजिबात नाही, ऑपनेम या नाव सांगणाऱ्या इन्स्ट्रक्शनमधलं नाव यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिपींचं एन्कोडिंग) असतं, देवनागरी चालते. पण जीएलएसएलमध्ये व्हेरिएबलच्या नावात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढंच चालतं. म्हणून आपण न चालणाऱ्या प्रत्येक बाईटच्या जागी अंडरस्कोर टाकायचो. आता देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाईटचं. पाऊस म्हणजे प, काना, ऊ, स, चार चिन्हं, १२ बाईट. माती म्हणजे म, काना, त, दीर्घ वेलांटी, ही पण चार, ही पण १२ बाईट. दोघींचे झाले १२ अंडरस्कोर! मुरूम आणि विहीर दोन्ही १५. खडक तेवढा ९ बाईटचा म्हणून एकटा सुटला.

नावं एकसारखी होतायत का हे आपण तपासतो, पण ते तपासणं साफसफाईच्या आधी व्हायलंय. तेव्हा पाऊस आणि माती वेगळेच दिसतात, म्हणून पास. त्यात दोन्ही एकाच ठिकाणी असते तर कंपायलरनं नाव दोनदा आलं म्हणून ओरडून सांगितलं असतं. पण पाऊस बाहेर युनिफॉर्म (ॲपकडून शेडरला येणारी व्हॅल्यू) म्हणून आणि माती आत फंक्शनमध्ये, आणि आतल्या नावानं बाहेरचं झाकणं जीएलएसएलला चालतं. त्यामुळं कंपाईल झालं, चाललं, आणि फंक्शनमध्ये जिथं पाऊस वाचायचा तिथं माती वाचली गेली.

हे मला लई लागलं. चार वर्षं लायब्ररी चालवतो, नाव मराठी ठेवलंय, आणि मराठी नावांवर एकसुद्धा टेस्ट नव्हती.

१३ नोव्हेंबर

नावांचा बदल आत घेतला. रिव्ह्यूमध्ये एका परदेशातल्या भावाची सूचना होती की देवनागरीचं रोमन करून टाका म्हणजे कोड वाचता येईल. विचार केला, पण नाही केलं. साध्या रोमनमध्ये ल आणि ळ एकच, त आणि ट एकच, ऱ्हस्व-दीर्घ गेलं, म्हणजे कल आणि कळ परत एकमेकांवर पडणार, आणि उद्या कोणी तमिळ नाहीतर अरबीत लिहिलं तर त्यांच्यासाठी काय करायचं? आता नियम असा: नावात एक जरी न चालणारा बाईट असला तर अख्खं नाव सोडून द्यायचं, स्पिर-व्हीतला त्याचा आयडी नंबर घेऊन त्यावरून नाव करायचं, आणि एकसारखेपणा साफसफाईच्या नंतर तपासायचा. मूळ मराठी नाव रिफ्लेक्शनच्या जेसॉनमध्ये (शेडरची माहिती ॲपला देणाऱ्या बाजूच्या फाईलमध्ये) जसंच्या तसं, एकही मात्रा न हलवता. त्यामुळं सरांच्या ॲपमध्ये पट्टीवर "पाऊस" असंच दिसत राहतं.

जाताजाता अजून एक झालं, सलग दोन अंडरस्कोर जीएलएसएलमध्ये राखीव आहेत, काही ड्रायव्हर कुरकुर करतात, ते पण गेलं.

टेस्टमध्ये पाऊस, माती, मुरूम, विहीर, खडक पाचही ठेवलेत. ज्वारी पण टाकली, जोडाक्षर म्हणून.

१६ नोव्हेंबर

पाण्याचे झटके काही सापडेनात. लॅपटॉपवर तासभर चालवून ठेवलं, पाणी लोण्यासारखं. माझ्या फोनवर अर्धा तास, तिथंही काही नाही. सरांचा फोन जुना आहे, स्वस्तातला, म्हणलं गरम होऊन स्लो होत असेल. सरांना तसं सांगितलं. सर म्हणले, "गरम नाही रे, मी पंख्याखाली ठेवून बघितलं. आणि बाकी चित्र नीट चालतंय की, बटणं नीट चालतायत. पाणीच तेवढं अडखळतंय." त्यांचं बरोबर होतं, जीपीयू दमला असता तर सगळंच अडखळलं असतं. मी घाईत बोललो.

सरांना विनंती केली, किती वेळानं काय होतं ते घड्याळ लावून लिहून द्या.

१८ नोव्हेंबर

सरांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. ॲप सुरू केल्यापासूनच्या वेळा, तीन वेळा मोजलेल्या, सुंदर अक्षरात. दोन मिनिटांच्या जरा पुढं अडखळणं स्पष्ट दिसतं. सव्वाचार मिनिटांनी ते वाढतं. साडेआठ मिनिटांनी अजून वाढतं. सतरा मिनिटांनंतर घड्याळाच्या सेकंद काट्यासारखं, ठक, ठक, सेकंदाला एक उडी.

मी ते पान बघत बसलो आणि अंगावर काटा आला, कारण प्रत्येक वेळ आधीच्या वेळेच्या दुप्पट आहे. सेकंदात काढा: १२८, २५६, ५१२, १०२४. हे दोनचे घात आहेत, आणि दोनच्या घाताला बिघडणारी गोष्ट म्हणजे फ्लोटिंग पॉइंट, मोजक्या बिटांत अपूर्णांक ठेवायची पद्धत.

१६ बिटच्या हाफ फ्लोटमध्ये अपूर्णांकाला १० बिट असतात. म्हणजे संख्या १२८ ते २५६ मध्ये असली की शेजारच्या दोन संख्यांत एक अष्टमांशाचं अंतर. २५६ च्या पुढं पाव. ५१२ च्या पुढं अर्धा. १०२४ च्या पुढं पूर्ण एक. वेळ सेकंदात मोजतोय, तर सतरा मिनिटं चार सेकंद झाली की वेळ एकेक सेकंदाच्या उड्या मारत पुढं जाणार, मध्ये काहीच नाही. सरांनी सेकंद काटा म्हणलं ते शब्दशः खरं होतं. म्हणजे कुठंतरी वेळ ३२ बिटमधून १६ बिटमध्ये उतरायलीय, आणि ती उतरवणारे बहुतेक आपण.

एका प्रोफायलरनं (वेग मोजणाऱ्या टूलनं) जे मला आठवडाभर दाखवलं नाही ते वहीच्या एका पानानं दाखवलं. फोटो इश्यूला (तक्रारीच्या नोंदीला) जोडून ठेवलाय, सरांना विचारून.

१९ नोव्हेंबर

सापडलं. सविस्तर लिहितो, कारण हे मला स्वतःला सहा महिन्यांनी परत लागेल.

ईएस जीएलएसएलमध्ये प्रत्येक फ्लोटला अचूकता असते, हायपी (जास्त), मिडियमपी (मध्यम, १६ बिट चालतं), लोपी (कमी). व्हर्टेक्स (आकाराचे कोपरे बसवणाऱ्या) शेडरमध्ये न लिहिता हायपी धरतात. फ्रॅगमेंट (पिक्सेलचा रंग काढणाऱ्या) शेडरमध्ये फ्लोटसाठी न लिहिता काहीच धरत नाहीत, वर एक ओळ लिहून सांगावंच लागतं. आपण ती ओळ मिडियमपी अशी लिहीत आलोय, अगदी पहिल्या व्हर्जनपासून, कारण ईएसच्या दुसऱ्या व्हर्जनवर, ईएस २ वर, फ्रॅगमेंटमध्ये हायपी असेलच याची खात्री नसते. ईएस ३ मध्ये हायपी सक्तीचं आहे, पण ती ओळ तिथंही तशीच राहिली.

मग जिथं हायपी पाहिजे तिथं आपण वेगळं लिहायला पाहिजे, आणि लिहितो पण. युनिफॉर्मवर लिहितो, इनपुटवर, आऊटपुटवर लिहितो. मधल्या टेम्पररीवर, म्हणजे हिशोबापुरत्या व्हेरिएबलवर, लिहीत नाही! वेळेचा युनिफॉर्म हायपी, तो वाचून एका टेम्पररीत ठेवला, त्या टेम्पररीवर काहीच लिहिलेलं नाही, म्हणून तिला वरच्या ओळीतलं मिडियमपी लागलं, आणि वेळ तिथं १६ बिटमध्ये चेपली गेली.

आणि हे एवढी वर्षं दिसलं काहून नाही? डेस्कटॉप जीएलएसएलमध्ये हे शब्द फक्त चालवून घेतात, त्यांचा परिणाम शून्य. काही फोनचे जीपीयू मिडियमपी म्हणलं तरी ३२ बिटमध्येच करतात, माझ्या फोनवर तसंच होत असणार. सीआयवर जीपीयू नाही, तिथं आपण मेसाचा सॉफ्टवेअर रेंडरर (जीपीयूचं काम साध्या प्रोसेसरवर करणारा प्रोग्राम) चालवतो, तोही पूर्ण अचूकतेनं करतो. म्हणजे आपण ज्या ज्या ठिकाणी तपासत होतो ती सगळी ठिकाणं आपली चूक झाकणारी होती. ज्यांच्याकडं स्वस्त फोन त्यांनाच ती दिसणार, आणि त्यांच्यातलं कोण इश्यू टाकायला येतंय, ॲपच खराब म्हणून काढून टाकणार.

सरांना एका ओळीत उपाय सांगता आला असता: ॲपमध्येच वेळ दर मिनिटाला शून्यावर आणा. ते चांगलंच आहे, तसंही करावं, पण म्हणून आपली चूक बरोबर होत नाही.

२३ नोव्हेंबर

पहिला उपाय टाकला. ईएस ३ साठी वरची ओळ हायपी, आणि स्पिर-व्हीत ज्याच्यावर रिलॅक्स्डप्रिसिजन (कमी अचूकता चालेल) लिहिलंय त्या व्हेरिएबलवर मिडियमपी. इंटिजरचं पण तसंच, फ्रॅगमेंटमध्ये इंटिजर न लिहिता मिडियमपी धरतात, १६ बिटवर हॅश फंक्शन (आकडे विस्कटून नक्षी करणारं) गेलं की नक्षीत पट्टे दिसतात.

रेफरन्स फाईल (टेस्टमध्ये निघालेला कोड ज्यांच्याशी ताडतो त्या) जवळजवळ सगळ्याच बदलल्या. एकेक उघडून बघितली. स्क्रिप्टनं सगळ्या नव्यानं लिहून कमिट करता आल्या असत्या, पण मग त्या फाईल ठेवायच्या कशाला. दोन रात्री गेल्या.

१ डिसेंबर

उलटी तक्रार. एक गेमवाले आपली मेन ब्रँच (रिलीजआधीचा ताजा कोड) वापरतात, त्यांचं म्हणणं नव्या कोडनं स्वस्त फोनवर फ्रेम (सेकंदाला निघणारी चित्रं) कमी झाल्यात. त्यांच्या कलाकारांनी मुद्दाम जागोजागी मिडियमपी लिहिलं होतं, रंगाच्या हिशोबाला एवढी अचूकता लागत नाही आणि १६ बिटमध्ये काम लवकर होतं, बॅटरी वाचते. स्पिर-व्हीत ते प्रत्येक इन्स्ट्रक्शनच्या निकालावर रिलॅक्स्डप्रिसिजन म्हणून नीट आलंय. आपण ते फक्त व्हेरिएबलवर बघतो, मधल्या निकालांवर बघतच नाही. आधी सगळं चेपत होतो, आता सगळं फुगवतोय. बोलणाऱ्यानं हळू सांगितलं तर हळू आणि जोरात सांगितलं तर जोरात पोहोचवायचं हे दुभाष्याचं काम, आपण दोन्ही वेळा आपल्या मनानं केलं.

खरी अडचण इथं आहे आणि ती मला आत्ता नीट कळली. स्पिर-व्हीत अचूकता निकालावर लिहिलेली असते. हा गुणाकार सैल चालेल, ही बेरीज सैल चालणार नाही, असं. जीएलएसएलमध्ये ती घटकांवरून ठरते, दोन्ही घटक मिडियमपी असले तर गुणाकार मिडियमपी, एक जरी हायपी असला तर हायपी. म्हणजे दोन पेच:

निकाल सैल चालतो पण घटक हायपी आहेत. सरळ लिहिलं तर काम महाग होतं, उत्तर बरोबर. इथं घटक आधी मिडियमपी टेम्पररीत घ्यायचे.

निकाल पक्का पाहिजे पण घटक मिडियमपी आहेत. सरळ लिहिलं तर उत्तर चुकतं. इथं घटक आधी हायपी टेम्पररीत घ्यायचे, मगच गणित.

त्यात आपण कोड वाचता यावा म्हणून छोटी गणितं मोठ्या गणितात आतच घालून टाकतो, एका ओळीत. अचूकता जिथं बदलते तिथं ते तोडायलाच लागणार. कोड जरा लांब होईल. मला वाचता येणारा कोड पाहिजे हे मी महिनाभरापूर्वी वर लिहिलंय, ते अजूनही पाहिजे, पण अर्थ आधी.

७ डिसेंबर

अचूकतेचा दुसरा उपाय लिहून झाला पण तपासणार कशावर? आतेभावाचं बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दादाला म्हणलं, दादा, ज्यांचे धनी परत आलेच नाहीत असे फोन पाहिजेत, डिस्प्ले फुटला असला तरी चालेल, पण बोर्ड चालू पाहिजे. दादानं डबाच काढून ठेवला. बॅटरी फुगलेले बाजूला केले, ते घेतले नाहीत, रात्रभर चार्जिंगला लावून ठेवायची गोष्ट आहे. सहा मिळाले, वेगवेगळ्या कंपन्यांच्या जीपीयूचे. काय द्यायचं विचारलं तर म्हणला, "काम झालं की परत आणून दे, सुटे भाग कामाला येतात."

सहाही फोन एका पॉवरवाल्या यूएसबी हबला, हब इन्व्हर्टरवर.

टेस्ट एका पिक्सेलची. युनिफॉर्ममध्ये २०४९ पाठवायचा, शेडरनं तो टेम्पररीत घ्यायचा आणि दोननं भागून बाकी काढायची. पूर्ण अचूकता टिकली तर बाकी १, पिक्सेल हिरवा. हाफमध्ये २०४९ ही संख्याच नाही, २०४८ च्या पुढं एकदम २०५०, त्यामुळं ती २०४८ होते, बाकी शून्य, पिक्सेल लाल. मग तो पिक्सेल परत वाचून घ्यायचा. डिस्प्ले फुटला असला तरी फरक पडत नाही, डोळ्यांनी बघायचंच नाहीये.

जुनी दुभाषी: सहापैकी चार लाल. नवी: सहाही हिरवे.

उलटी टेस्ट पण पाहिजे, सैल ठेवलेलं सैलच राहिलं का याची. ती पिक्सेलवरून होत नाही, जीपीयूनं ते ३२ बिटमध्ये केलं तरी चुकीचं नाही. ती निघालेल्या कोडवरच करायची, मिडियमपी शब्द जिथं पाहिजे तिथं आहे का. गेमवाल्यांना ब्रँच दिली, त्यांचे फ्रेम परत आले.

१९ डिसेंबर, औसा

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. आज काम नव्हतं, पण नोंद करायलाच पाहिजे.

शेतात कडब्याची कोप, पाच पांडव मांडलेले, पूजा झाली, आंबील, भज्जी, उंडे, सगळं झालं. ज्वारी यंदा काही ठिकाणी उशिरा पेरली, पाण्यामुळं वाफसाच नव्हता, पण आमच्या रानात बरी आहे. शेजारचंच शेत सरांच्या भावाचं, सर आले. जेवण झाल्यावर सरांनी खिशातून तोच फोन काढला आणि दुसऱ्या खिशातून मनगटी घड्याळ, पट्टा तुटलेलं. नवं ॲप मी आदल्या दिवशी पाठवलं होतं, ते त्यांनी मुद्दाम माझ्यासमोर चालवायचं म्हणून उघडलं नव्हतं.

कोपीत सावलीला फोन टेकवून ठेवला. सव्वाचार मिनिटं झाली, काही नाही. साडेआठ मिनिटं झाली. आजूबाजूची पोरं गोळा झाली, काय चाललंय म्हणून, सरांनी त्यांना तिथंच थर समजावून सांगायला सुरुवात केली आणि मी एकटाच घड्याळाकडं बघत बसलो. सतरा मिनिटं. सतरा मिनिटं चार सेकंद. सतरा मिनिटं दहा. पाणी मुरुमातून तसंच सरळ उतरत होतं. तीस मिनिटांपर्यंत ठेवलं. एका पोरीनं विचारलं की खाली खडकात गेल्यावर पाणी थांबलं कसं, आणि सर तिला बांधावर घेऊन गेले, विहिरीचा कठडा आणि थर दाखवायला. फोन तसाच चालू राहिला.

२१ डिसेंबर

रिलीज केलं. बदलांत नावं, फाय, अचूकता. अचूकतेच्या बदलाबद्दल ठळक लिहिलंय की निघालेला कोड जुन्यासारखा दिसणार नाही, घाबरू नका, आणि ज्यांनी आधी आमच्या चुकीवर पांघरूण घालायला ॲपमध्ये काही केलं असेल त्यांनी ते ठेवलं तरी चालतं.

४ जानेवारी २०२६, परभणी

मेटलचं एक छोटं. तीन घटकांच्या व्हेक्टरनंतर लगेच फ्लोट असला तर जीएलएसएलच्या बफरमध्ये व्हेक्टर १२ बाईट घेतो आणि फ्लोट त्याच्या शेपटाला १२ व्या बाईटपासून बसतो. मेटलचा साधा फ्लोट३ मात्र अख्खे १६ बाईट अडवतो, मग फ्लोट १६ वर जातो आणि पुढचं सगळंच सरकतं. तिथं पॅक्ड प्रकार लिहायला लागतो, तो १२ चाच. हे आपण करतच होतो, पण स्ट्रक्टच्या (व्हेरिएबलांच्या गटाच्या) आत स्ट्रक्ट आला की विसरत होतो. आता जागा मोजताना स्पिर-व्हीतल्या ऑफसेटशी (सुरुवातीपासूनच्या अंतराशी) ताडून बघतो, जुळलं नाही तर सरळ एरर देतो. अंदाजानं पुढं जात नाही.

११ जानेवारी

सरांचा मेसेज. मुरुमातून पाणी झिरपायचा वेग खोलीनुसार कमी करायचाय म्हणून त्यांनी घातांकाची चौकट लावली, आणि त्यांच्या फोनवर मातीच्या वरचा पट्टा काळा पडला, लातूरच्या पोराच्या फोनवर मात्र ठीक. सरांनी यावेळी न सांगताच सगळं लिहून पाठवलंय, कोणत्या खोलीपासून काळं, कोणत्या फोनवर.

काळं सुरू होतं ते बरोबर शून्य खोलीच्या वर, म्हणजे खोली ऋण झाली तिथं. जीएलएसएलमध्ये पॉव फंक्शनला पाया ऋण दिला तर उत्तर काय यावं हे ठरलेलंच नाही, एक ड्रायव्हर काहीतरी आकडा देतो आणि दुसरा नॅन (आकडाच नाही अशी खूण). आपण स्पिर-व्हीत होतं तेच लिहिलंय, तिथंही ते ठरलेलं नाही, म्हणजे दुभाषीत बदल नाही. लातूरच्या पोराला फोन केला, तुझ्या टूलच्या घातांक चौकटीत पाया शून्याखाली जाऊ देऊ नकोस, आणि शून्याचा घात शून्य किंवा ऋण आला तर तेही ठरलेलं नाही, ते पण सांभाळ. तो म्हणला आज रात्री टाकतो. सरांना कळवलं, कारणासकट.

इश्यू बंद केला. सहा फोन दादाला परत देणार होतो, दोन ठेवून घेतो म्हणलं, दादा हो म्हणला.